चांदीच घ्या, ताई

— नाही, नाही, बोलू नका. हुं हुं करा नाहीतर मान हलवा, तेवढं पुरे. आत्ताच इंजेक्शन दिलंय, ओठ जड व्हायला लागलाय ना? गाल सुजल्यासारखा वाटतो, पण सुजलेला नसतो — सगळ्यांना वाटतं तसं, सगळे आरसा मागतात. दहा मिनिटं लागतात बधिर व्हायला. पंधरा धरा. डॉक्टर आत फोनवर आहेत, तो फोन काही लवकर संपायचा नाही, आणि जाता जाता मला काय म्हणाले ते ऐकलंत ना तुम्ही — "सिस्टर, दातात काय भरायचं ते यांना जरा समजावून सांगा" — झालं! दाढा ते कोरणार आणि जीभ मी झिजवणार. तीस वर्षं हेच चाललंय. आणि सिस्टर म्हणे! मी कुठली सिस्टर, नर्सिंगच्या कॉलेजची पायरीसुद्धा चढलेले नाही. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी इथे केसपेपर लिहायला म्हणून आले, तेव्हाची खरी सिस्टर दीड महिन्यात पळून गेली — कुणाबरोबर नाही हो, वासाने पळाली — आणि डॉक्टरांनी ती थुंकी ओढायची नळी माझ्या हातात दिली. ती आजपर्यंत हातात आहे.

हा जबडा धरा. घ्या मांडीवर, घाबरू नका, प्लास्टरचा आहे, डॉक्टरांनी स्वतः बनवलाय पेशंटना दाखवायला. ही काळी दिसतेय ती चांदी. हे पिठासारखं पांढरट, ते सिमेंट — घराला लावतात ते नाही, दाताचं वेगळं असतं. हे अगदी दातासारखं, कुठे भरलंय ते शोधावं लागतं, ते पांढरं — त्याला इंग्रजीत मोठं नाव आहे, आम्ही पांढरंच म्हणतो. आणि हे सोनं. खरं नाही, पत्रा आहे पिवळा, ठेवतंय कोण खरं! आता तुमची ही खालची, डावीकडची, पुढून पाचवी. धड दाढ नाही न् धड दात नाही. कीड मधोमध आहे, पण अजून दातातल्या नसेपर्यंत पोचलेली नाही, म्हणजे रूट कॅनलवर गेलं नाही प्रकरण, नशीब काढलंत. नुसतं भरून भागतंय. मग भरायचं काय, एवढंच. तर माझं ऐकाल तर — चांदी. सरळ चांदी भरून घ्या आणि मोकळ्या व्हा.

मुरडलंत नाक! एका बाजूचंच मुरडलं गेलं, दुसरी बाजू बधिर झाली, म्हणजे इंजेक्शन लागू पडतंय. काय वाईट आहे चांदीत? काळी दिसते. दिसू दे की. पारा असतो — हं, फोनवर वाचलंत ना तुम्ही पण, आजकाल सगळे वाचूनच येतात, आमचे डॉक्टर पाच वर्षं शिकले ते बिचारे उगाच शिकले. असतो पारा, खोटं कशाला बोलू, पण एकदा चांदीत मुरला की गप्प बसतो. नवीन डॉक्टर मुलं भरत नाहीत चांदी, तेही खरं, आमच्याकडे अजून आहे. अहो, एक आजी यायच्या इथे, ऐंशीच्या पुढच्या, तोंडात एकच दाढ शिल्लक, आणि त्या दाढेत डॉक्टरांनी भरलेली चांदी, जशीच्या तशी! सगळे दात गेले, ती राहिली. आजी म्हणायच्या, ही माझ्याबरोबरच जाणार. आणि गेलीही असेल, मी काही बघायला गेले नाही.

अं? काय? बोटाने दाखवा — पांढरं. हसताना दिसतं म्हणून. हां, काउंटरवर बसता तुम्ही, दिवसभर माणसांशी बोलायचं, कळलं, केसपेपरवर लिहिलंय. पण ताई, कोण बघतंय हो तुमच्या तोंडात? लोक तुमच्या तोंडाकडे बघतात ते त्यांचं काम झालं की नाही ते कळायला. तोंडात बघणारी या गावात दोनच माणसं, एक डॉक्टर आणि एक मी, आणि मी जे बघितलंय ना — शी! तुमचं नाही म्हणत, तुमचं तोंड त्यातल्या त्यात बरंय. पण माणसं काय काय घेऊन येतात तोंडात, विचारू नका. इस्त्रीचा शर्ट, अंगावर हा एवढा सेंट, आणि आ केला की मागच्या दाढेत परवाची पालेभाजी हिरवीगार. चार-चार महिने ब्रश नाही, आणि इथे यायच्या आधी पाच मिनिटं इतका घासून येतात की हिरड्यांतून रक्त — डॉक्टरांना कळत नाही असं वाटतं त्यांना! एक वकील येतात, कोर्टात म्हणे समोरच्याला बोलू देत नाहीत. बरोबर आहे, त्यांनी तोंड उघडलं की समोरच्याचा श्वासच थांबत असेल. तंबाखूवाले तर मी वासावरून ओळखते, जिना चढतानाच. आणि त्या नळीला खाली जाळी असते, दर शनिवारी काढून धुवायची, त्या जाळीत काय काय साठतं — नको, तुम्हाला मळमळेल, आणि आडव्या पडल्यात तुम्ही. माझी मुलगी जेवताना मला बोलूच देत नाही. "आई, तू दवाखान्यातलं काही सांगितलंस तर मी ताट घेऊन उठेन." आमचे हे काही म्हणत नाहीत, पण दात घासून आल्याशिवाय माझ्याशेजारी बसत नाहीत, तीस वर्षांत एवढी शिस्त लागली. मला किळस येत नाही असं नाही हो. रोज येते. सवय झाली म्हणतात ते खोटं, किळसेची सवय होत नाही, नुसतं तोंड सरळ ठेवायची सवय होते.

तर सांगत काय होते — पांढऱ्यावरचं बोट उचला आधी. बरं, चांदी नको, राहिलं. मग सिमेंट घ्या. ऐकून तर घ्या! पावडर आणि पातळ असं वेगळं येतं, इथे काचेच्या पट्टीवर कालवायचं — ते मी कालवते, डॉक्टर म्हणतात माझ्यासारखं कुणी कालवत नाही, ना घट्ट ना पातळ — आणि भरलं की आपलं आपण सुकतं. कुणाची मदत लागत नाही त्याला. दाताला चिकटून बसतं, कीड परत धरू देत नाही. रंगही काही काळा नाही, थोडा खडूसारखा दिसतो, लांबून कळायचं नाही. हो, झिजतं. चावायच्या जागी झिजतं लवकर, दोन-तीन वर्षांनी परत भरावं लागतं, मग या की परत, आम्ही काय पळून चाललोय? — म्हणजे, मी तरी आहे. डॉक्टरांचं — ते जाऊ द्या. नको? सिमेंटही नको? मान इतकी हलवू नका, गाल चावाल, कळणार नाही तुम्हाला. मग सोनं घ्या! सोनं कुणी घेत नाही, एका सराफाने घेतलं होतं फक्त, आणि नंतर जांभई आली तरी हात लावायचा तोंडाला, कुणी बघेल म्हणून.

आता हे काय, हे जबड्याच्या मागचं? ते सिरॅमिकचं. माप घेऊन लॅबमध्ये पाठवायचं, ते बनवून आणतात आणि इथे बसवायचं. सुंदर दिसतं, नाही कोण म्हणतंय. पण नको. नको ते. कारण — कारण दोनदा यावं लागतं, आणि बसवताना जो चिकटवायचा डिंक असतो तोही शेवटी त्याच दिव्यावर सुकवायचा, मग त्यात आणि पांढऱ्यात फरक काय राहिला? पुन्हा दिवा आलाच की.

दिव्याचं काही नाही. दिव्याचं काय असायचंय? तो निळा दिवा, तो काय तिथे ट्रेमध्ये, फडक्याखाली. पांढरं भरलं की त्याचा उजेड वीस सेकंद धरायचा, की ते कडक होतं. तो उजेड मी धरते. डॉक्टर भरतात, मी धरते. तुम्ही अशा काय बघताय माझ्याकडे? तोंड बधिर झालं की माणसाचे डोळे फार बोलायला लागतात, हे मी खूपदा बघितलंय. मिटा डोळे. दिवा डोळ्यांना चांगला नसतो, मिटायची सवय आत्तापासून — पण दिवा लावायचाच नाही आहे आपल्याला, तुम्ही चांदी घेताय.

नाही घेत. बरं. मग ऐका, आणि ऐकून सोडून द्या. आमच्याकडे पांढरं सध्या टिकत नाहीये. झालं, सांगितलं. चार महिने झाले. आधी एक शिंपी आला, दाताने दोरा तोडायला गेला तर दोऱ्याबरोबर भरलेलं सगळं बाहेर. तो हसत होता, पुडीत बांधून घेऊन आला. डॉक्टर नाही हसले. फुकटात परत भरून दिलं, ते तीन आठवड्यांत परत निघालं. मग एक बाई आली, मग पोस्टातला एक माणूस, मग दर आठवड्याला कोणी ना कोणी. अकरा जण आलेत आत्तापर्यंत परत, मी मोजलेत. जे दुसरीकडे गेले ते वेगळे. सगळ्यांचं तेच — वरून कडक, आत दाबून बघितलं की मऊ, आणि त्या मऊमध्ये पाणी झिरपून खाली सगळं सडलेलं, वास असा की मी, तीस वर्षं हेच वास घेणारी, मी तोंड फिरवलं. डॉक्टरांनी मालवाल्याला फोन करून शिव्या घातल्या — आमचे डॉक्टर, ज्यांच्या तोंडून मी कधी "गाढव" पण ऐकलं नव्हतं. माल बदलला. दुसऱ्या कंपनीचा आणला. तोही टिकेना. आणि मग त्यांनी मालाकडे बघायचं सोडलं आणि स्वतःच्या हातांकडे बघायला लागले.

ते कसं सांगू तुम्हाला. पेशंट गेला की बेसिनपाशी उभे राहतात, हात पुसायचे राहतात, नुसते बोटं पसरून बघत बसतात. परवा पाण्याने काठोकाठ भरलेला ग्लास हातात धरून उभे होते, सांडतंय का बघत. सांडत नव्हतं हो! थेंब सांडत नव्हता! या खुर्चीत माणसं झोपायची, ताई, त्यांचं मशिन चालू असताना घोरायची. आणि तो माणूस ग्लास धरून उभा. मला इतकं — काय म्हणू, दया नाही आली, खोटं नाही बोलत. राग आला. किळस आली. वाटलं, ठेवा तो ग्लास खाली, नका माझ्यासमोर असं करू.

हां, पुसा. लाळ येतेय थोडी, ओठ मिटत नाही ना धड. मी पुसते. थांबा.

एक पोटुशी बाई आली होती. सातवा महिना. मे महिन्यात आपण पांढरं भरलं होतं तिला, आणि आली ती हा एवढा गाल घेऊन, डोळा मिटलेला, ताप. तिला धड औषध देता येईना, एक्स-रे काढता येईना, पोटातल्या बाळाची भीती. दाढ काढावी लागली. तिने माझा हात धरला होता, हा, नखं रुतली होती इथे, आणि मला म्हणत होती, "ताई, तुम्ही आहात म्हणून मला भीती वाटत नाही." मी आहे म्हणून! ती गेली आणि मी आत जाऊन ओकले. तोंडातल्या घाणीने मला कधी ओकारी झाली नव्हती, कितीही येऊ दे वास. त्या दिवशी झाली.

कारण मला माहीत होतं. कळलं का तुम्हाला? नाही कळलं. कळू नये असंच सांगतेय मी, आडून आडून. दिवा मी पाडला. मार्चमध्ये. पुसत होते, वायर खुर्चीच्या चाकाखाली आली, मी ओढली, आणि गेला हातातून, फरशीवर, तोंडावर. उचलला, बटण दाबलं — निळा पडला. लख्ख निळा. म्हटलं, वाचलो. पुढच्या काचेच्या नळीला आतून तडा गेलाय हे मला नंतर कळलं, उजेडात तिरपी धरली तर दिसतो, केसाएवढा. निळं दिसतं, पण जोर नाही त्यात. पृष्ठभाग कडक करतो आणि खाली पोचत नाही. दर सोमवारी दिवा तपासायचं काम माझं आहे, डॉक्टर विचारायचे, "सिस्टर, दिवा ठीक आहे ना?" मी म्हणायचे, "ठीक आहे." मला खरंच वाटायचं ठीक आहे. आधी. त्या पोटुशा बाईनंतर मी काय केलं, डॉक्टर जेवायला गेल्यावर पांढऱ्याचा एक गोळा घेतला, काचेच्या पट्टीवर ठेवला, वीस सेकंद दिवा धरला. टिचकी मारली तर टकटक वाजतंय. मग उलटा केला न् खालून नख घातलं. नख आत गेलं. दोरे निघाले त्याचे, चिकट, नाकातल्या शेंबडासारखे, माफ करा, पण तसेच होते. चाळीस सेकंद धरून बघितलं, साठ धरून बघितलं. चिकटच. ती पट्टी मी इतकी घासली, इतकी घासली, अजून मला ती हातात घ्यावीशी वाटत नाही.

मग सांगितलं का नाही, असंच ना? डोळे मिटलेत तरी कपाळावर दिसतंय तुमच्या. आमच्याकडे झाडायला-पुसायला एक मावशी होत्या. फेब्रुवारीत त्यांच्या हातून एक्स-रे बघायची पेटी फुटली. काच फुटली नुसती, बदलता आली असती. मी किती बोलले त्यांना! या दवाखान्यात हलगर्जीपणा चालत नाही, इथे माणसांच्या तोंडाशी खेळ आहे, तुमचे हात आहेत की — जाऊ द्या, काय काय बोलले. डॉक्टर म्हणत होते, "जाऊ द्या सिस्टर, वय झालंय त्यांचं." मी म्हटलं, वय झालंय तर घरी बसू दे. मीच म्हटलं. त्या गेल्या. जाताना माझ्या पाया पडायला आल्या हो, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. आणि पुढच्या महिन्यात माझ्या हातून दिवा. मग कुठल्या तोंडाने सांगणार? म्हटलं, मी सांभाळून घेते. सांभाळून म्हणजे काय — तर पांढरं होऊच द्यायचं नाही. तीन आठवडे झाले, एकालाही पांढरं भरू दिलं नाही मी. प्रत्येकाला हा जबडा मांडीवर द्यायचा आणि चांदी गळ्यात मारायची, नाहीतर सिमेंट. सगळे ऐकतात. तुम्ही एकट्याच अशा भेटलात, तोंड बंद आणि हट्ट चालू.

आणि त्याचं झालं काय माहितेय? डॉक्टर विचारायला लागले, "सिस्टर, अचानक सगळ्यांना चांदी का हवी झाली?" मी म्हटलं, टिकाऊ म्हणून. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "माझ्या हाताच्या पांढऱ्या कामावर लोकांचा विश्वास राहिला नाही. बरोबर आहे त्यांचं." मी कीड झाकायला गेले आणि ती त्यांच्याच डोक्यात जाऊन बसली.

फोन अजून चालू आहे. ऐकू येतंय का? हसतायत मधूनच, पण ते त्यांचं खरं हसणं नाही. कुणाशी बोलतायत सांगू? एका तरुण डॉक्टरशी. दवाखाना द्यायचाय त्याला. खुर्चीसकट, जबड्यासकट, माझ्यासकट. डॉक्टर काही म्हातारे नाहीत हो, अजून दहा वर्षं आरामात — त्यांचं घर म्हणजे हाच दवाखाना आहे, बायको गेल्यापासून रविवारी पण येऊन बसतात इथे, पेपर वाचतात या तुमच्या खुर्चीत. घरी बसून करणार काय तो माणूस? ग्लास धरून उभा राहणार.

एवढंच आहे असं वाटलं तुम्हाला? मलाही वाटत होतं, एवढंच सांगावं. तुमचं तोंड बधिर, तुम्ही अनोळखी, दोन तासांनी बोलायला लागाल तेव्हा घरी असाल, आणि तुमचं ऐकणार कोण. पण एक राहिलंय. मागच्या शुक्रवारी शेवटचा पेशंट गेल्यावर त्यांनी मला बोलावलं. हात असे पुढे केले, दोन्ही, लहान मूल नखं दाखवतं तसे. म्हणाले, "सिस्टर, तीस वर्षं तुम्ही माझे हात माझ्यापेक्षा जवळून बघताय. दुसरं कुणी खरं सांगणार नाही. थरथरतायत का?"

स्थिर होते. दगडासारखे स्थिर होते.

आणि मी म्हटलं — "वयाप्रमाणे थोडं होतंच, डॉक्टर."

हं. म्हटलं मी. या तोंडाने. आणि मी लोकांच्या तोंडाला नावं ठेवते, वास येतो म्हणते! त्यांनी मान हलवली, हात खिशात घातले. "थँक यू" म्हणाले मला. सोमवारी त्या तरुण डॉक्टरला पहिला फोन केला. तेव्हापासून मी दिवसातून सहा वेळा चूळ भरते, लवंग चघळते, काही उपयोग नाही. घरी हे विचारतात, बरं नाही का तुला. नाही बरं. कसं असेल? मला माझीच शिसारी येते, ताई. भात कालवला तरी ती काचेची पट्टी दिसते.

नका, हात नका धरू माझा. ती बाई पण असाच — सोडा. ग्लोव्हज घालायचेत मला. तुम्ही आपलं चांदी म्हणा. ऐका माझं, मी पाया पडते तुमच्या, आत्ता ते येतील आणि विचारतील, तुम्ही त्या काळ्या दातावर बोट ठेवा फक्त, बोलायचंही नाही, तुमची दाढ शंभर वर्षं टिकेल. आज निभलं की मी उद्या काहीतरी करेन. उद्या सांगेन. हे मी रोज म्हणते, पण —

फोन ठेवला.

हो, डॉक्टर, या. झालंय बधिर, पूर्ण. ओठाला चिमटा काढून बघितला. हो, समजावलं सगळं. ताईंचं — ताईंचं चांदी — ताई, बोट! ... पांढरं. पांढरं म्हणतायत, डॉक्टर. बघा, त्यांनीच दाखवलं, मी काही — हो. ए-टू शेड चालेल, यांच्या दाताच्या रंगाला तीच जुळते. हो, ट्रेमध्ये आहे. दिवा ट्रेमध्येच आहे.

नाही देत.

ऐकलंत ते बरोबर ऐकलंत. दिवा नाही देत मी. तो फुटलाय. मार्चमध्ये माझ्या हातून पडला, आतून तडा गेलाय, त्याने वरचंच सुकतं. शिंपी, पोस्टातला तो माणूस, ती पोटुशी, सगळे — माल चांगला होता, डॉक्टर, तुमचं काम चांगलं होतं, उजेड माझा खोटा होता. मी करून बघितलंय, नखाने. आणि शुक्रवारी मी खोटं बोलले. तुमच्या हाताला काही झालेलं नाही. काही म्हणजे काही नाही. बघा, आत्ता बघा, एवढं ऐकून पण हलत नाहीयेत, माझे हलतायत, हे बघा! ओरडा ना मला. मावशींवर मी ओरडले होते तसं ओरडा. काढून टाका. असे नका उभे राहू.

काय म्हणालात? — हो म्हणालात त्याला? आत्ता? फोनवर?

मग परत लावा. लावा ना फोन, डॉक्टर, नाही म्हणून सांगा, सांगा की सिस्टरने घाण केली. मी सांगू त्याला? कुठाय तो फोन — शब्द दिलात म्हणजे काय? शब्द माझ्या खोटेपणावर दिलात तुम्ही! डॉक्टर. डॉक्टर, मास्क काढा, बसा इथे स्टुलावर. पाणी देते. बसा हो.

ताई, तुम्ही उठा. हळूच. तो जबडा द्या इकडे. दात कोरलेला नाही अजून, तसाच आहे, दुसरीकडे जाऊन पांढरं भरून घ्या, आणि तिथे आधी दिवा बघायला मागा. बाहेर बाकावर तिघं बसलेत, त्यांना हाताने खूण करा, आज नाही म्हणून. आणि आता वळून बघू नका डॉक्टरांकडे, रडताना त्यांना कुणी बघितलेलं नाही. जा. दार ओढून घ्या.